राहिलेल्यांची यादी

आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर चौदा कप्प्यांची एक कापडी पिशवी टांगलेली असते. सरकारी पुस्तिकांमध्ये तिचं नाव टिकलर बॅग. बाळाची नोंद झाली की त्याच्या कार्डाचे दोन भाग होतात. मोठा भाग आई घरी नेते, काउंटरफॉइल सिस्टरकडे राहतं. पुढचा डोस ज्या महिन्यात असेल, त्या महिन्याच्या कप्प्यात ते काउंटरफॉइल पडतं आणि डोस झाला की पुढच्या कप्प्यात सरकतं. असे बारा महिन्यांचे बारा कप्पे. उरलेल्या दोनांपैकी एक गाव सोडून गेलेल्या किंवा दगावलेल्या मुलांचा, दुसरा सगळे डोस पूर्ण झालेल्यांचा. महिना संपताना चालू कप्प्यात जे कागद उरतील, ती मुलं राहिली. याला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. गावातली कोणती बाळं या महिन्यात यायला हवी होती आणि आली नाहीत, हे कप्प्यात हात घालताच कळतं.

लसींचा इतिहास आपण शोधकांच्या नावांनी सांगतो: जेन्नर, पाश्चर, हाफकिन, साल्क, सेबिन. ती नावं मोठीच आहेत. पण कुपीतली लस दंडापर्यंत पोचते कशी, शंभरातल्या चाळीस मुलांपर्यंत पोचणारी लस नव्वद मुलांपर्यंत जाते कशी, याचा इतिहास वेगळा आहे. त्यात शोधक फारसे नाहीत. त्यात वह्या आहेत, दाखले आहेत, खडूच्या खुणा आहेत आणि दारोदार फिरणारी माणसं आहेत. ‘कोण राहिलं?’ हा प्रश्न आरोग्यव्यवस्थेला नावानिशी विचारता यायला दोन शतकं लागली. त्या प्रश्नाचा हा मागोवा.

सुरुवात मुंबईत होते. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वी ठरलेलं हे पहिलं लसीकरण. व्हिएन्नाच्या डॉ. जाँ द कारो यांनी पाठवलेलं गोस्तनदेवीचं द्रव्य बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला पोचलं होतं. ॲनाच्या दंडावर उठलेल्या फोडातून आणखी पाच मुलांना लस दिली, त्यांच्यापासून पुढच्यांना, आणि अशीच ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे गेली. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. काचेत किंवा दोऱ्यावर वाळवून ठेवलेली लस इथल्या उन्हाळ्यात मरून जायची. लस टिकवायला एकच जागा होती, लहान मुलाचा दंड.

लस टोचल्यावर आठव्या दिवसाच्या सुमारास फोड पिकतो. त्या दिवशी मूल परत यायला हवं, कारण लस ‘लागली’ का ते तेव्हाच दिसतं आणि पुढच्या मुलासाठीचं द्रव्यही तेव्हाच मिळतं. आलं नाही तर साखळी तुटते. म्हणजे टोचून गेलेल्या मुलाचा पाठपुरावा करायची पहिली निकड मुलाच्या हितापोटी आलेली नव्हती. लस जिवंत ठेवण्यासाठी ते मूल हवं होतं. आयांना हे कळत होतं. आपल्या लेकराच्या फोडात सुई घालून दुसऱ्याच्या लेकरासाठी पाणी काढणं त्यांना नको होतं, शिवाय कुणाच्या दंडाचं कुणाला, हा जातीचा प्रश्न होताच. त्या काळच्या नकाराला आपण सहज अज्ञान म्हणून मोकळे होतो. मला तो बराचसा समजण्यासारखा वाटतो.

मुंबई इलाख्यानं मात्र एक गोष्ट लवकर ओळखली. १८२७ मध्ये इथे सुरू झालेली पद्धत ‘बॉम्बे सिस्टम’ म्हणून ओळखली जाते. दवाखान्यात बसून लोकांची वाट पाहण्याऐवजी लस टोचणाऱ्यानं ठरलेल्या भागात गावोगाव फिरायचं, ही तिची रीत. देवी टोचणारा आज या गावात, उद्या पुढच्या. बसून राहणं की चालत जाणं, हा फरक पुढे दोनशे वर्षं प्रत्येक योजनेत पुन्हा पुन्हा उभा राहतो, आणि आकडे दर वेळी चालत जाणाऱ्याच्या बाजूनं असतात.

मग कायदा आला. मुंबई शहरात १८७७ मध्ये, देशातल्या नगरपालिका आणि छावण्यांसाठी १८८० मध्ये, मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये. मूल सहा महिन्यांचं झालं की लस टोचून घेणं, ठरल्या दिवशी तपासणीला नेणं, लागली असेल तर दाखला घेणं, हे पालकांवर बंधनकारक झालं. न नेणाऱ्याला नोटीस, त्यानंतर दंड. ‘असंरक्षित मूल’ अशी एक सरकारी कोटीच या कायद्यानं तयार केली. राहिलेल्यांची नोंद सरकारदप्तरी होऊ लागली ती अशी, नोटीस कोणाला धाडायची हे कळावं म्हणून. इंग्लंडमध्ये हेच आधी होऊन गेलं होतं. १८५३ मध्ये तिथे लस सक्तीची झाली, दंडाचा बडगा वाढत गेला, १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि अखेर १८९८ मध्ये सदसद्विवेकाच्या कारणानं नकार देण्याची मुभा कायद्यातच घालावी लागली. घरात तान्हं मूल आहे हे सरकारला ठाऊक असणं आणि त्या मुलाचं भलं होणं, यांच्यामध्ये सरकारकडून दारात कोण येतं हा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचं सगळ्यात वाईट उत्तर पुण्यानं पाहिलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. आणि १३ मार्चपासून पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हुकमतीत गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या सुरू केल्या. माजघरापर्यंत, देवघरापर्यंत बूट गेले. बायकांना उघड्यावर तपासलं गेलं. संशयिताला इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, सामान आगीत. साथ थांबवण्याच्या दृष्टीनं घरोघर जाणं बिनचूक होतं, हे आज कोणीही साथतज्ज्ञ सांगेल. पण त्या पावलांनी माणसाच्या मनात जे केलं त्यावर कोणती लस चालणार होती? रुग्ण लपवले गेले, प्रेतं लपवली गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते सर्वांना माहीत आहे.

झडत्या सुरू झाल्या त्याच मार्च महिन्यात, त्याच पुण्याच्या परिसरात, आणखी एक जण प्लेगच्या घरांमध्ये जात होती. सावित्रीबाई फुले. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. झडत्या सुरू झाल्या त्याच्या तीन दिवस आधी. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की सार्वजनिक आरोग्याबद्दल मला जे म्हणायचं आहे त्यातलं निम्मं म्हणून होतं. आजारी मूल शोधत दोघंही घरोघर गेले. एकाच्या मागे बंदूक होती. दुसरी त्याच माणसांमध्ये पन्नास वर्षं वावरलेली होती.

हाफकिन स्वतः सक्तीच्या विरुद्ध होते आणि त्यांची प्लेगची लस ऐच्छिकच राहिली. पुढे ठिकठिकाणी ती टोचून घेतल्याचा दाखला असेल तर विलगीकरणातून सूट मिळू लागली. बारीक दिसणारा हा बदल फार महत्त्वाचा आहे. देवीच्या कायद्यातला दाखला दंड टाळण्यासाठी होता. हा दाखला बाळगणाऱ्याला काहीतरी देत होता.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो आकड्यांच्या मागे लागून. ठरावीक मुदतीत इतक्या कोटी लोकांना लस. उद्दिष्ट पुरं करायचं तर सोपा मार्ग म्हणजे शाळा. रांगेत उभी असलेली, हातात सापडणारी तीच तीच मुलं पुन्हा पुन्हा टोचली गेली. नोंदवहीत आकडा फुगत गेला आणि देवी मात्र पाड्यांवर, भटक्यांच्या पालांवर, शहरांच्या झोपडपट्ट्यांमध्ये तशीच राहिली. किती डोस दिले हे मोजलं जात होतं. कोण राहिलं हे विचारलं जात नव्हतं.

तो प्रश्न विचारायला सुरुवात झाली १९७३ च्या शरद ऋतूत. नायजेरियात विल्यम फेगी यांनी हाताळलेली शोध आणि वेढा ही पद्धत भारतात पूर्ण ताकदीनं राबवायचं ठरलं. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आरोग्य कर्मचारी हातात देवीच्या मुलाचं चित्र असलेलं कार्ड घेऊन घरोघर गेले: ‘असा आजार कुठे पाहिलात?’ पहिल्याच शोधात, त्याआधी कुठेच नोंद नसलेले दहा हजारांहून अधिक रुग्ण सापडले. खात्यातल्या लोकांना त्या आकड्यानं हादरा बसला असणार. पण रोग वाढला नव्हता, तो पहिल्यांदा दिसला होता. मग रुग्णाच्या दारावर पहारेकरी, आसपासच्या घरांतल्या प्रत्येक माणसाची नावानिशी नोंद, नोंदीतल्या प्रत्येकाला लस. काम झालं का ते पाहायला दुसरीच माणसं मागाहून त्याच घरांत. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस; रुग्ण कमी होत गेले तसं ते वाढत १,००० रुपयांवर गेलं. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही.

हा धडा पुढच्या कार्यक्रमाच्या हाडीमांसी लगेच खिळला असं मात्र झालं नाही. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला, १९ नोव्हेंबर १९८५ रोजी सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम. लसी वाढल्या, शीतसाखळी गावांपर्यंत गेली, आणि हे काम खरोखर मोठं होतं. पण प्रगतीचा हिशेब पुन्हा वाटलेल्या डोसांवर आला. तो तपासायला जागतिक आरोग्य संघटनेची सोपी पाहणी होती: तीस वस्त्या निवडायच्या, प्रत्येकीत सात मुलं गाठायची, कार्डं बघायची. एवढ्या २१० घरांतून कागदावरच्या आकड्यांची परीक्षा व्हायची, आणि त्या परीक्षेत कागद बरेचदा नापास व्हायचे.

महाराष्ट्राला तर स्वतःचाच धडा आहे आणि आपण तो फारसा उच्चारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सगळे मूळ डोस पूर्ण झालेल्यांचं राज्यातलं प्रमाण १९९८-९९ मध्ये सुमारे ७८ टक्के होतं. २००५-०६ मध्ये ते ५९ वर आलं. २०१५-१६ मध्ये ५६. याच काळात देशाचा आकडा ४२ वरून ६२ वर चढला. पुढारलेलं राज्य म्हणवणारे आपण देशाच्या सरासरीखाली गेलो. २००५-०६ ची पाहणी उघडली तर दिसतं की जन्मावेळची बीसीजी दहातल्या नऊहून अधिक मुलांना मिळाली होती. म्हणजे यंत्रणेनं त्या प्रत्येक मुलाला एकदा पाहिलं होतं, हातात घेतलं होतं. गळती झाली ती नंतरच्या डोसांमध्ये. लस नाकारणाऱ्या आईबापांवर बोट दाखवणं इथे सरळसरळ चूक ठरतं. जी आई बीसीजीला आली ती तिसऱ्या डोसाला का आली नाही, हे तिला कोणी जाऊन विचारलं का?

हाच प्रश्न त्याआधी अमेरिकेत फार वेगळ्या दारातून आला होता. तिथे १९८९ ते १९९१ या तीन वर्षांत गोवरानं पुन्हा डोकं वर काढलं. सुमारे ५५,००० रुग्ण आणि १२० हून अधिक मृत्यू. लस होती, डॉक्टर होते, पैसा होता. आजारी पडलेल्यांमध्ये शाळेआधीच्या वयाची, लस न झालेली मुलं मोठ्या संख्येनं होती, आणि त्यांतली बरीचशी कुठल्या ना कुठल्या सरकारी योजनेच्या कागदांवर आधीपासून होती. ती डॉक्टरांकडे सर्दीखोकल्यासाठी येऊन गेली होती, फक्त लस राहिली आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. १९९३ च्या कायद्यानं गरीब मुलांसाठी लसी मोफत झाल्या.

पण माझ्या दृष्टीनं त्याहून लक्षणीय गोष्ट आरोग्यविमा योजनांच्या बाजूला घडली. अमेरिकेत बहुतेकांचा विमा नोकरीतून येतो, आणि विम्याचे पैसे भरणाऱ्या कंपन्या विचारू लागल्या होत्या की कोणती योजना चांगली, हे ठरवायचं कशावर? त्यातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेडिस नावाचा मोजमापांचा संच तयार झाला. एनसीक्यूए ही संस्था तो सांभाळते. बाललसीकरणाचं त्यातलं माप असं: या वर्षात तुमच्या योजनेतली जी मुलं दोन वर्षांची झाली, त्यांच्यापैकी किती जणांचे सगळे डोस दुसऱ्या वाढदिवसाच्या आत पूर्ण झाले? किती डोसांचे पैसे दिले हे इथे विचारलेलंच नाही. विमा योजनेकडे सभासदांची नावं, वयं, पत्ते, फोन असतातच. त्यामुळे अंशाखालचा छेद तिला नाकारता येत नाही.

छेद पक्का झाला की बाकीच्या गोष्टी ओघानं आल्या. योजना आपल्या डॉक्टरांना दर महिन्याला त्यांच्याच रुग्णांपैकी राहिलेल्यांच्या याद्या पाठवू लागल्या. घरी पत्रं, मग फोन, मग एसएमएस. राज्यांच्या लसनोंदणीशी जोडणी, म्हणजे मुलानं दुसरीकडे घेतलेला डोसही दिसतो. डॉक्टरच्या वेगळ्या चिठ्ठीविना नर्सनं लस देण्याची कायमची परवानगी. संध्याकाळचे आणि शनिवारचे दवाखाने. चांगलं माप गाठणाऱ्या डॉक्टरला जास्तीचा मोबदला. वृद्धांच्या मेडिकेअर योजनांना तर तारे मिळतात आणि २०१२ पासून ताऱ्यांमागे बोनस आहे. फ्लूची लस आणि कर्करोगाच्या तपासण्या त्या ताऱ्यांमध्ये मोजल्या जातात. यातलं नेमकं काय चालतं यावर पुष्कळ संशोधन झालंय. २०१८ मध्ये कॉक्रेन गटानं आठवण देण्याच्या उपायांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या आठवणीनं लसीकरण सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास वाढतं असं दिसलं. शंभरातल्या आठ घरांना विरोध नव्हता, त्यांना फक्त कोणीतरी आठवण करायला हवी होती.

या मापालाही एक भोक आहे. दुसऱ्या वाढदिवसाआधीचं वर्षभर जवळजवळ अखंड त्याच योजनेत असलेलं मूलच मोजलं जातं. वडिलांची नोकरी गेली, विमा तुटला, योजना बदलली, की मूल छेदातून बाहेर. आणि ज्या मुलांची लस हटकून राहते ती हीच. मापाला पैसे जोडण्यातही तसंच भोक असतं. ब्रिटननं १९९० मध्ये डॉक्टरांशी केलेल्या करारात लसीकरणाच्या ७० आणि ९० टक्क्यांच्या दोन पायऱ्या ठरवून त्यांवर पैसे ठेवले. आकडे चढले हे खरं. पण लोक सतत घरं बदलतात अशा गरीब वस्तीतल्या डॉक्टरसाठी ती वरची पायरी फार उंच होती.

आपल्याकडे राहिलेल्यांच्या यादीला खरी धार आणली ती पोलिओनं. ९ डिसेंबर १९९५ च्या पहिल्या देशव्यापी पल्स पोलिओ दिवसापासून लोक बूथवर येत होते. १९९९ पासून त्याच्या जोडीला घरोघर फिरणं आलं. बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. घराच्या दारावर खडूनं खूण: सगळी मुलं झाली असतील तर पी, एकही राहिलं असेल तर एक्स. बाळ झोपलं होतं, मामाकडे गेलं होतं, आजारी होतं, आईबाप नाही म्हणाले, कारण काहीही असो, एक्स. त्या घरी पुन्हा जायचं. संध्याकाळी एक्स घरांचा हिशेब आणि दुसऱ्या दिवशीचा आराखडा. गल्लीतलं राहिलेलं मूल पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसत होतं. पश्चिम उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये या खुणांवरच्या शंका, अफवा, नकार हे सगळं आलं. तिथे वस्तीतल्याच बायका आणि मशिदीतले इमाम सोबत घेतल्यावर दारं उघडली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण नाही.

दारात कोण जाणार, याचं चांगलं उत्तर मात्र महाराष्ट्रात त्याच्या बरंच आधी सापडलेलं होतं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या त्या दुष्काळी तालुक्यात त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, अनेकदा दलित, अनेकदा निरक्षर, आणि त्यांना गावाचं आरोग्य बघायला शिकवलं. या बाईला यादीसाठी वही लागत नव्हती. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणती सून माहेरी गेली, कोणाचं बाळ खात नाही, हे तिला ठाऊकच असायचं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, तिच्यामागे जामखेडसारख्या कामांचा अनुभव उभा आहे.

आशाताईच्या वहीतून आजची ड्यू लिस्ट निघते. सत्राच्या आधी ती यादी करते, एएनएम सिस्टर ताडून बघते, आशा आणि अंगणवाडी सेविका घरी निरोप देतात, सत्र संपताना यादीत खूण नसलेली नावं पुढच्या वेळेसाठी उरतात. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की आशाला १०० रुपये. वर्षभराच्या हेलपाट्यांचे शंभर रुपये. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या होत्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. यादी ज्या बाईच्या पायांवर चालते तिला आपण अजूनही स्वयंसेविका म्हणतो आणि कर्मचाऱ्याचा पगार देत नाही, ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वाटते.

निरोप मिळाला तरी आईला दिवसाची मजुरी बुडवून यावं लागतं, हेही विसरायला नको. उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांमध्ये सेवा मंदिर या संस्थेसोबत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काहीच वेगळं केलं नाही त्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के. दर महिन्याला न चुकता भरणारं शिबिर गावात आणलं तिथे १८ टक्के. शिबिर आणि प्रत्येक डोसामागे एक किलो डाळ, शेवटच्या डोसाला स्टीलच्या थाळ्या, तिथे ३९ टक्के. डाळीनं आईबापांना लाच दिली असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. लसीचा फायदा दूरचा आणि न दिसणारा असतो, रोजगाराचं नुकसान आजचं असतं. डाळ त्या आजच्या नुकसानीची थोडी भरपाई करते. शिवाय त्या प्रयोगात मुलं जास्त आल्यामुळे एका मुलाचं लसीकरण पूर्ण करायचा एकूण खर्चही डाळीसकट कमीच आला.

आता त्या पिशवीतल्या तेराव्या कप्प्याबद्दल, ‘गाव सोडून गेले’ या कप्प्याबद्दल बोलायलाच हवं. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सप्टेंबरच्या मध्यात बाळ जन्मलं असं धरा. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या शेवटाला. ऊसतोडीचा हंगाम नेमका तोच. आईबाप कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या कारखान्याकडे जातात, बाळ सोबत. गावच्या यादीत ते ‘बाहेरगावी’, कारखान्याच्या गावच्या यादीत ते नाहीच. मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत तिन्ही तारखा उलटून गेलेल्या. वीटभट्ट्या, मेंढपाळांचे वाडे, शहरातली बांधकामं, सगळीकडे हेच. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषनं अशाच जागा शोधून घरोघर मोजणी केली. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्र पुन्हा ७३-७४ टक्क्यांवर आला, देश ७६ वर. मग करोनात सत्रं थांबली, डोस सुटले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, भिवंडीत, मालेगावात गोवर पसरला, मुलं गेली. महापालिकेला घरोघर जाऊन राहिलेल्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

२००९ च्या अखेरीस नावानिशी माता-बाल नोंदणी संगणकावर आली. आता यू-विनवर बाळाची नोंद देशात कुठेही उघडते, म्हणजे बीडच्या बाळाचा राहिलेला डोस कागलच्या सिस्टरला दिसू शकतो. पडद्यावर तो दिसणं आणि फडातल्या कोपीपर्यंत कोणीतरी चालत जाणं, ही दोन कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी हंगामापुरती जादा आशा, कारखान्यांकडून मजुरांच्या टोळ्यांची नावं, कोप्यांवर भरणारं सत्र, एवढं लागतं. कारखान्याकडे उचल दिलेल्या प्रत्येक टोळीचा हिशेब असतोच. त्याच कागदावर टोळीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची नावं लिहायला लावणं जिल्हा प्रशासनाला जमण्यासारखं आहे.

मुलांपुरती असलेली ही यादी आता मोठ्या माणसांकडे वळली आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशा भरते: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कोणाला रक्तदाब किंवा मधुमेह. त्यावरून कोणाला तपासणीला पाठवायचं ते ठरतं. दुसरीकडे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि आपली महात्मा फुले योजना यांच्याकडे कोट्यवधी कुटुंबांची नावं आहेत, आणि ती नावं उघडली जातात माणूस रुग्णालयात भरती होताना. लाखो रुपयांच्या हृदयशस्त्रक्रियेचे पैसे भरायला योजना तयार असते. त्याच माणसाचा रक्तदाब आदल्या दहा वर्षांत कोणी मोजला का, हे विचारायची तिला आज गरज पडत नाही, कारण तिचं यश निकाली काढलेल्या दाव्यांवर मोजलं जातं. अमेरिकेतल्या योजनांकडून घेण्यासारखं एकच आहे, ते हे माप: तुमच्या कार्डधारकांपैकी तिशीपुढचे किती, आणि त्यांच्यातल्या कितींची तपासणी झाली? २०१९-२१ च्या पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के होत्या. स्तनांच्या आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तर १ टक्कासुद्धा नाही. आशाच्या फॉर्ममधली नावं आणि विमा योजनेच्या कार्डांवरची नावं अजून एकमेकांशी जोडलेली नाहीत. ती जोडली, आणि राहिलेल्यांची गावनिहाय यादी दर महिन्याला उपकेंद्राला मिळू लागली, तर हे आकडे हलवायला नवी लस किंवा नवं यंत्र शोधावं लागणार नाही. आशाच्या दर फेरीचा रास्त मोबदला आणि तालुक्याच्या गावी तपासणीचा ठरलेला दिवस, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.